ओसरीची भिंत

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी पुंजाजी मेहकरात होता. एका वाण्याच्या घराची मागची भिंत पडली होती, ती घालून द्यायची होती. गुडघाभर चिखलात उभा राहून तो माती तुडवत होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा जानेफळचा, त्याच्याच गावचा, कोतवाल गल्लीच्या तोंडाशी दिसला. तो जवळ आला नाही. लांबच उभा राहिला.

"पुंजाजी, हात धू."

"अर्धा थर राह्यला ना बे. बोल, काय हाये?"

"हात धू अगुदर."

पुंजाजीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या साली कोणाच्या तोंडाकडे पाहिलं तरी कळायचं. दसऱ्याच्या आसपास मानमोडीचा ताप गावागावात शिरला होता. पाऊस आधीच पाठ फिरवून गेला होता, त्यावर हे.

"सुभद्रावहिनी गेली," कोतवाल म्हणाला.

पुंजाजीने चिखलातून पाय काढले नाहीत. तुडवलेली माती तशीच उचलली, भिंतीवर ठेवली, थापीने चोपली. अर्धा थर सोडला तर सांध्यात फट पडते. कोतवाल म्हणाला, "येडा झाला का बे? चाल." पण तो थर पुरा करूनच निघाला. वाटेत कोतवाल बोलत होता, कोण कोण गेलं ते सांगत होता. पुंजाजीच्या पायांवरचा चिखल वाळून तडकत होता आणि चालताना गळून पडत होता.

घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. सुभद्रा ओसरीवर होती, अंगावर तिचंच हिरवं लुगडं टाकलं होतं. उचलायला माणसं मिळत नव्हती. ज्याला चालता येत होतं तो दुसऱ्या घरच्याला पोचवून आला होता. शेजारची गोजरबाई, पुंजाजीच्या चुलतभावाची बायको, खांबाला टेकून बसली होती. तिचंही अंग तापाने फणफणत होतं.

"भाऊजी, सकाळी दार ढकललं तं अशी होती पाह्य," ती म्हणाली आणि रडू लागली. रडतानाही तिला खोकला येत होता.

ओसरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल होती. राख होती. सुभद्राची चूल आत होती, ही तिची नव्हती.

"हे कोनाचं?"

"मोगलाईतून आले होते कोनी, नवरा-बायको. उपाशी होते. तिनं ठेवून घेतले. म्या हाकलले सकाळी. त्यायनंच आनली असन हे बला."

पुंजाजीने पायाने राख विसकटली. तो पंधरवडाभर घरी नव्हता. घरात कोण आलं, कोण गेलं, त्याला ठाऊक नव्हतं.

जोशीबुवा आले. नाकावर उपरणं धरून अंगणातच उभे राहिले.

"गेली केव्हा? वेळ सांगा."

पुंजाजीने गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाई म्हणाली, "पाहाटे. कोंबडा बोलला तवा."

जोशीबुवांनी बोटांची पेरं मोजली. "काल रात्री जेवणवेळेला पंचक लागलंय. पहाटे गेली म्हणजे पंचकात गेली. कणकेचे पुतळे करा, तिच्यासोबत चितेवर ठेवा. आणि पुंजाजी, घर सहा महिने बंद ठेवावं लागेल. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, कोणी आत पाय ठेवायचा नाही. नाहीतर घरातून आणखी माणसं जातात."

"घरात आता हाये कोन?" पुंजाजी म्हणाला.

"तू आहेस ना."

गोजरबाईने ज्वारीच्या पिठाचे पुतळे केले. गव्हाची कणीक कोणाच्या घरात नव्हती. पुतळ्यांना हात-पाय नीट आले नाहीत. लाकडं ओली-सुकी मिळाली तशी लावली. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं.

तिसऱ्या दिवशी पुंजाजीने घरातून फावडं, थापी, ओळंबा आणि घोंगडी काढली. बाकी होतं तसं राहू दिलं. दाराला कुलूप घातलं. घराच्या मागे खाऱ्या मातीचा ढीग होता. धाब्यावर टाकायला सुभद्राने स्वतः पाट्या वाहून आणून ठेवला होता. मागच्या भिंतीवरचं धाबं, मातीचं छप्पर, एका जागी बसलं होतं. ती म्हणाली होती, मेहकरहून आला की अगुदर आपल्यावर माती टाकजो, लोकायच्याच भिंती पाहून राह्यला. ढीग तसाच पडून होता.

पंचकातल्या माणसाला कोणी ओसरीवर बस म्हणत नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण पुंजाजी दारात गेला की आतून बाई म्हणायची, "घरात कोनी नाई हो." तो मारुतीच्या देवळात निजू लागला. पुजाऱ्याने दोन-चार दिवस पाहिलं. मग तो म्हणाला, "पुंजाजी, लोक दर्शनाले येतात. समजून घे." पुंजाजीने घोंगडी उचलली.

गावाबाहेर उत्तमरावांचा जिन, सरकी काढायचा कारखाना, होता. कापूसच पिकला नव्हता, त्यामुळे जिन बंद होता. मोगलाईतून आणि घाटाखालून उठून आलेली, घरदार नसलेली माणसं रस्त्याने पडत होती. तालुक्याहून धान्य आलं आणि जिनाची मोठी वखार अशा माणसांसाठी उघडली. पाटील हिंमतराव देखरेखीला होते. जाडजूड माणूस, तपकीर ओढायचे आणि शिंकता शिंकता हुकूम सोडायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"फुकट कोनाले भेटनार नाई. जो खाईन तो काम शिकन. अंबाडी सोला, दोर वळा, भिंती घाला. नाल्याकाठची पडीक गावानं देली हाये. तठी आपापलं घर उभं करा. ज्याचं घर मिरगाच्या आत उभं राहीन तो गावात राहीन. बाकीच्यायनं आपला मुलूख धरावा. मिरगानंतर वखार रिकामी पाह्यजे उत्तमरावले."

पुंजाजी घोंगडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा हिंमतराव म्हणाले, "घे! मास्तर चालत आला. पुंजाजी, तू शिकोजो यायले भिंती. अठीच राह्य. पंचकाचं काय, यायच्या घरची तं सारीच मानसं मेली हायेत. यायले भेव नाई."

असा तो वखारीत राहू लागला. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणारा माणूस बेघरांच्या ओळीत ताटली घेऊन बसू लागला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. ज्वारीच्या कण्या खारट आहेत की अळणी, तेही कळत नव्हतं.

शिकायला आले त्यांत फकीर मोहम्मद नावाचा एक पिंजारी होता. मोगलाईतला, वाळलेला, लांब बोटांचा. कापूस पिंजायची त्याची कमान त्याने वखारीच्या खुंटीला टांगून ठेवली होती. पिंजायला कापूस नव्हता. त्याची बायको हुस्नबानो अंबाडी सोलणाऱ्या बायांत बसायची. पुंजाजी आला की ती पदर पुढे ओढून मान वळवायची. पुंजाजीला वाटलं, परपुरुष म्हणून असेल.

नाल्याकाठी काम सुरू झालं. पांढरी माती खणायची, रात्रभर भिजवायची, सकाळी कुटार, म्हणजे भुसा, टाकून तुडवायची. पाणी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून आणायला लागायचं. गावातल्या बाया तिथे घागरी घेऊन तिष्ठत बसायच्या. वखारीतल्या बाया पाणी भरायला गेल्या की बोलणी खायच्या.

"आमाले प्यायले नाई अन् तुमी चिखलाले पानी पाजता काय वो!"

"मंग या की बाई, आमच्या चिखलात बसा, थंडगार हाय," हुस्नबानो एकदा म्हणाली. सगळ्या हसल्या. एकीने तरी तिची घागर लाथेने पाडलीच. ती पुन्हा भरून निघून आली.

फकीर मोहम्मदला घाई फार. एक थर घातला, तो वाळायच्या आत त्याने दुसरा चढवला. दुपारी भिंतीला पोट सुटलं आणि ती बसली.

पुंजाजी आला. त्याने ढिगाऱ्याकडे पाहिलं.

"काऊन घातला बे दुसरा थर?"

"उस्ताद, मिरीग लागायच्या आत घर उभं व्हाया पायजे ना."

"वाळू दे म्हनलं होतं."

"कापसाचा मानूस मी. कापूस वाळायची वाट बघत न्हाई कोनी. मारली कमान, उडाला."

"भित उडत नाई. बसते."

बाकीची माणसं हसली. फकीर मोहम्मदही हसला, मग खाली बसून त्याने चिखल परत गोळा केला. पुंजाजीने त्याचा हात धरून थापी कशी आडवी मारायची ते दाखवलं. हात मऊ होता. तळव्यावर नवे फोड फुटून लाल झाले होते. "मूत लाव त्याले," पुंजाजी म्हणाला, "सुकते." शिकवण्यापलीकडचे तेवढेच शब्द तो त्या दिवशी बोलला.

हिवाळा गेला. नाल्याकाठी कंबरभर उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या. काहींनी सोडून दिलं आणि निघून गेले. काही वखारीतच मेले. फकीर मोहम्मदची भिंत पुंजाजीच्या ओळंब्याला लागून सरळ आली. हिंमतरावांनी येऊन तिच्यावर हात फिरवला, शिंकले आणि म्हणाले, "पिंजाऱ्या, तू तं गवंडी झाला रे."

फाल्गुनात एका दुपारी आभाळ दाटलं आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा. मग वाऱ्यासकट पाऊस. आख्ख्या पावसाळ्यात पडला नाही तेवढा पाऊस एका दुपारी पडला. वखारीच्या टिनावर असा आवाज झाला की बाया कान धरून बसल्या. बाहेर येऊन पाहिलं तर नाल्याकाठच्या भिंतींवर धाबं नव्हतं, काही नव्हतं. त्या वितळल्या होत्या. फकीर मोहम्मदची भिंत बुडाशी उरली होती, गुडघ्याएवढी. तो तिथे नुसता उभा होता. त्याने शिव्या दिल्या नाहीत, बायकोकडेही पाहिलं नाही.

"आता मिरगाच्या आत नाई होत," कोणीतरी म्हणालं.

पुंजाजी तिथून गावात गेला. त्याच्या घराचं दार जसंच्या तसं होतं, कुलूप होतं. तो मागे गेला. मागची भिंत बसली होती. जिथे धाबं खचलं होतं तिथूनच पाणी शिरलं होतं. आतलं दिसत होतं. चूल, जातं, उतरंड. वरची दोन मडकी फुटली होती. खाऱ्या मातीचा ढीग भिजून पसरला होता.

तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मागून हुस्नबानो आली. नवऱ्यासाठी पुंजाजीला शोधत आली होती. तिने पडलेली भिंत पाहिली, आत पाहिलं, आणि पहिल्यांदा पदर मागे सारून त्याच्याशी बोलली.

"भाऊ, तुमचं घर हाय, तुमी हातचे कारागीर. मंग इतके महिने आत काहून गेला न्हाई? माती टाकली असती तर भिंत ऱ्हायली असती."

"पंचक होतं."

"म्हंजी?"

"खराब येळ. ते पाहाटे गेली. रातीच्या जेवनाच्या येळेपासून खराब येळ लागली होती. अशा येळेले मानूस गेलं का घर बंद ठेवा लागते सहा महिने. हात लावता येत नाई."

हुस्नबानो म्हणाली, "पहाटं कुनी सांगितलं तुमाला?"

पुंजाजीने तिच्याकडे पाहिलं.

"मी हिथंच व्हते, भाऊ. तुमच्या ओसरीवर. आमीच ते. आमाला भाभीनं ठेवून घेतलं. हे तापात पडले व्हते, मी भाभीपाशी बसले व्हते. मशिदीत मगरिबची बांग सुरू झाली. दिवे लागायचे व्हते. भाभीनं पानी मागितलं. मी म्हनलं, माझ्या हातचं चालंल का? ती म्हनली, दे. दोन घोट घेतले. बांग संपायच्या आत गेली."

पुंजाजी ढिगाऱ्यावर खाली बसला.

"मी दारात जाऊन शेजारच्या बाईला हाक मारली. लई येळा मारली. कुनी आलं न्हाई. मंग मी भाभीचे डोळे मिटवले, पदर घातला आन् उंबऱ्यावर बसून ऱ्हायले रातभर. कुत्रं शिरू नये म्हनून. सकाळी ती बाई आली, आमाला काठी घेऊन हाकललं. मला कुनी इचारलंच न्हाई. मला काय ठावं तुमचं पंचक."

"दिवे लागायच्या अगुदर?" पुंजाजीने विचारलं.

"अगुदर."

गोजरबाई दारात गवऱ्या रचत होती. पुंजाजी अंगणात उभा राहिला.

"वहिनी, त्या रोजी सांजच्याले तुले हाक आली होती का?"

तिच्या हातातली गवरी हातातच राहिली. "कोन म्हनते?"

"आली होती का?"

"अंगात ताप होता, भाऊजी. आली असन. मले सपन वाटलं." ती खाली बसली. "सकाळी सारे इचारू लागले, केव्हा गेली, केव्हा गेली. म्या काय सांगू, हाक आली अन् म्या उठली नाई म्हनून? कोंबडा बोलला तवाच मले जाग आली. तेच सांगितलं." गवरी खाली ठेवून ती म्हणाली, "मारा मले."

पुंजाजीने गवऱ्यांकडे पाहिलं. "वरच्या ओळीवर पऱ्हाट्या टाक," तो म्हणाला, "भिजतीन." आणि निघाला.

जोशीबुवांनी ऐकून घेतलं. पंचांग काढलं, पान उलटलं, मिटलं.

"दिवेलागणीआधी गेली असेल तर पंचक नव्हतं. पण सांगणारी कोण? तिच्या बांगेवर मी नक्षत्र ठरवू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि आता राहिलं किती? महिनाभर. एवढं झालं, तेवढं पुरं करून टाक. मनाला खटका नको."

पुंजाजी हो म्हणाला. घरी आला आणि कुलूप काढलं.

आत ओल होती. मातीचा आणि उंदरांचा वास येत होता. सुभद्राची गोधडी कोपऱ्यात होती, तिला बुरशी आली होती. चुलीपाशी पितळी लोटा आडवा पडला होता. त्याने तो उभा केला. त्याला वाटलं होतं, आत आल्यावर आपल्याला रडू येईल. आलं नाही.

हुस्नबानो आणि फकीर मोहम्मद अंगणात उभे होते, उंबऱ्यापर्यंतही आले नव्हते.

"आनखी काय म्हनली होती ते?" पुंजाजीने आतूनच विचारलं.

"ओसरीवर लई वारं लागतं म्हनले मी," हुस्नबानो म्हणाली. "तवा भाभी म्हनली, माझा मानूस भिती घालते. तो आला का या ओसरीले भित घालून मागीन. मंग तुमी अठीच राहा, तो तुमच्या मानसाले काम शिकोवन." सुभद्राचे शब्द तिने सुभद्रासारखेच म्हटले. पुंजाजीने कान दिला. ती थांबल्यावरही तो थोडा वेळ ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मागच्या भिंतीची पडलेली माती पाट्यांनी पुढे आणायला सुरुवात केली. फकीर मोहम्मद आला.

"उस्ताद, ही माती मागच्या भिंतीची. मागं पायजे."

"पुढं आन."

"अवो, तुमचं घर उघडं पडलंय सारं."

"पुढं आन म्हनलं ना बे. भिजो. कुटार घाल. अन् घाई करू नोको."

गावात बोलणं उठलं. हिंमतराव स्वतः आले, ओसरीसमोर उभे राहिले, तपकीर ओढली.

"पुंजाजी, लोक म्हनतात पंचकाचं घर येळेअगुदर उघडलं. वरून मुसलमान ठेवते ओसरीवर. नाल्याकाठची जागा देली ना यायले?"

"तुमीच म्हनले होते पाटील, मिरगाच्या आत ज्याचं घर उभं राहीन तो गावात राहीन. हे घर नाई का?"

"अर्ध्या ओसरीले घर म्हनते तू?"

"भित घातली का म्हनीन."

हिंमतरावांनी भिंतीच्या पहिल्या थरावर हात फिरवला. ते शिंकले. "कोनं घातला हा?"

"यानं," पुंजाजीने फकीर मोहम्मदकडे मान हलवली.

"सरळ हाये," हिंमतराव म्हणाले आणि गेले. आता गावाला उत्तर द्यायचं काम त्यांच्यावर होतं. ते पुन्हा विचारायला आले नाहीत.

भिंत थर थर वर गेली. फकीर मोहम्मद थर वाळेपर्यंत सावलीत बसायचा, उठायचा, बोट दाबून पाहायचा, पुन्हा बसायचा. पुंजाजी नुसता ओळंबा धरायचा. हुस्नबानो पाणी आणायची. झिरा आटत चालला होता, घागर भरायला सकाळपासून दुपार व्हायची. गोजरबाईने आपल्या वाट्याची घागर दोनदा ओसरीसमोर आणून ठेवली आणि कोणाशी न बोलता परत गेली. हुस्नबानोने ती घागर चिखलात ओतली. काठीने हाकलणाऱ्या बाईचं पाणी तिने पिण्याच्या मडक्यात घेतलं नाही.

वैशाखात ओसरीची भिंत वाशांना भिडली. दार म्हणून वखारीतल्या तुराट्यांची एक ताटी बसवली. फकीर मोहम्मदने जिनातून कमान आणून आतल्या खुंटीला टांगली. पाच-सहा घरचे लोक भिंत पाहून गेले. एकाने त्याला आपला गोठा घालून द्यायला बोलावलं, आणि तो थापी घेऊन गेला. त्याच्या हातावर आता फोड येत नव्हते.

मृग जवळ आला. पुंजाजी आत निजायचा. मागून वारा यायचा. सकाळी शेजारच्या शेळ्या आत शिरून उतरंडीपाशी उभ्या असायच्या, तो त्यांना हाकलायचा आणि कामाला जायचा. हुस्नबानो रोज म्हणायची, "भाऊ, मागची भिंत घ्या ना आता." तो म्हणायचा, "घेऊ."

माती ओसरीला लागली होती. झिऱ्याला पाणी नव्हतं. खाऱ्या मातीचा ढीग शेळ्यांनी तुडवून सपाट केला होता.

मागची भिंत अजून घालायची आहे.